माजघरातला कापूस

वालूर, ता. सेलू
२२ जानेवारी २०२३, रविवार

बबिता,

जयभीम. खुशाली विचारत नाही. ती मला तुझ्या भावाकडून कळते, आणि ज्या आवाजात कळते त्या आवाजाचा मला राग आहे. परवा फोन केला तर लिंबाजी म्हणतो, "दाजी, अक्का झोपलीय." सकाळचे साडेदहा वाजले होते. एकवीस वर्षांच्या संसारात तू एकदा तरी साडेदहाला झोपलेली मला दाखव. म्हणून हे पत्र. पत्राला 'झोपलीय' सांगता येत नाही.

आधी तपशील दुरुस्त करतो. तू पिंगळीत सांगत फिरतेस म्हणे, की नवऱ्यानं घर भरून कापूस ठेवला, पोरीला बसायला जागा राहिली नाही. घर भरून नाही. माजघर भरून, आणि पुढच्या खोलीचा निम्मा भाग. स्वयंपाकघर पूर्ण मोकळं आहे. कापूस सव्वीस क्विंटल चाळीस किलो. सगळा पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा, पांढराशुभ्र, धागा एकोणतीस मिलिमीटर. मी चिमूट ओढून हाताच्या पाठीवर मांडून पाहिलाय. बावीस वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडरचं काम केलेल्या माणसाचा हात आहे तो. आठवी शिकलेल्या माणसाचा असला तरी.

अंगाला खाज सुटते, हे मान्य. कापूस घरात ठेवला की सुटते. या वर्षी वालुरात कोणाच्या अंगाला सुटत नाही? खोबरेल लावावं, चादरी उन्हात टाकाव्यात. धम्मशीलाला थोडा दम लागला, हेही मान्य. मी काय पळून गेलो होतो? निरोप मिळाला तसा निघालो. पण तुला थांबायचंच नव्हतं. सात तारखेला दारात उभी राहून, गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणालीस, "ह्या घरात एक तर कापूस ऱ्हाईल न्हाई तर मी. ज्या दिवशी निघंल त्या दिवशी निरोप धाडा." आणि पोरीला घेऊन, तिच्या बारावीच्या वह्या पिशवीत कोंबून, निघालीस. परीक्षा दीड महिन्यावर.

मी कापूस हौसेनं ठेवलेला नाही. दहा साली दिवाळीनंतर लगेच विकला आणि दोन-तीन महिन्यांत भाव जवळजवळ दुप्पट झाला. तेव्हा तूच म्हणाली होतीस, "घाई नडली." गेल्या वर्षी संक्रांतीला साडेआठ हजारानं घातला आणि उन्हाळ्यात बारा हजारानं गेला. तेव्हाही तूच दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा थांबला तर तो हट्टी?

आणि मी डोळे झाकून थांबलो नाही. पाकिस्तानात पुरानं कापूस वाहून गेला. त्यांच्या गिरण्यांना कापूस लागणारच. आपल्याकडून घेणार नाहीत, बंदी आहे, पण जगातून कुठून तरी उचलतीलच. बांगलादेशात तर कापूस पिकतच नाही, सगळं विकतचं, आणि त्यातलं बरंच आपलं. मग भाव वर जाणार की खाली? तू सांग. हे मी रोज सकाळी आठ वाजता बसस्टँडजवळच्या फळ्यावर खडूनं लिहितो: न्यूयॉर्कचा बंद भाव, डॉलरचा भाव, सेलूच्या मोंढ्याचा भाव आणि खाली एक ओळ सल्ला. सल्ला सध्या एकाच शब्दाचा आहे. थांबा. तेवीस घरं थांबलीत. तेवीस घरांना माझ्या अकलेची किंमत कळते. माझ्या घराला कळत नाही.

मार्चमध्ये भाव दहाच्या वर गेला की मी स्वतः पिंगळीला येईन, आणि लिंबाजीच्या अंगणात उभा राहून मोठ्यानं सांगेन.

सिद्धोधन

*

वालूर
९ फेब्रुवारी २०२३, गुरुवार

बबिता,

पत्राचं उत्तर आलं नाही. लिंबाजीनं फोनवर एवढंच सांगितलं, "अक्का म्हणती, निघाला का?" तीन पानं लिहिली मी. त्याचं उत्तर दोन शब्द!

नाही निघाला. आठ हजाराच्या खाली काय विकायचा?

तुझ्या कानावर दुसरी एक गोष्ट गेली असेल, म्हणून खरी काय ती कळवतो. जिनिंगचं काम मी सोडलं. *मी* सोडलं. ओमप्रकाश शेठ मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सिद्धोधन, पगार कोन देतो तुला?"

म्हटलं, "तुम्ही."

"मग तू फळ्यावर 'थांबा' लिहितो कशाला? चोवीस रोलर हायेत माझे. आठ चालायलेत. बिहारचे मजूर बसून जेवायलेत. गावात घराघरांत कापूस पडलाय आन् माझ्या दारात एक बैलगाडी न्हाई. तू ग्रेडर हायेस का किसानांचा वकील?"

मी म्हणालो, "शेठ, मी जे खरं आहे ते लिहितो."

"खरं तुला न्यूयॉर्कहून येतंय व्हय? मला कोइमतूरहून येतंय. गिरणीवाला म्हनतो, सूतच उठत न्हाई तर रुई घेऊन उशीत भरू का? एक काम कर. फळा ठेव, न्हाई तर नोकरी ठेव."

बावीस वर्षांत ते मला कधी असं तोंडावर बोलले नव्हते. मी खिशातली किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर आलो. डबा आत राहिला, तो वॉचमननं दुसऱ्या दिवशी आणून दिला. आता त्यांनी ग्रेडिंगला एक पोरगा ठेवलाय, तो कापूस मशीनमध्ये घालतो आणि मशीन त्याला आकडा सांगते. मशीन म्हणे चुकत नाही. मीही कधी चुकलो नव्हतो.

गावात मला आता 'न्यूयॉर्क' म्हणतात. "न्यूयॉर्क, आज काय म्हनतंय?" असं म्हणून हसतात. हसू देत. पण सकाळी आठला फळ्यापुढं येऊन उभे राहतात. कुसुमबाई रोज येते. पदर खोचून, कमरेवर हात ठेवून, पूर्ण फळा होईपर्यंत उभी. नऊ क्विंटल आहे तिच्या घरात. विधवा बाई, एकटीनं वेचलेला. तिला मी सांगितलंय, घाबरू नको.

तिच्या घरावरून सध्या जात नाही. वेळ मिळत नाही.

धम्मशीलाचं हॉलतिकीट आलं का? केंद्र सेलूचं आहे. पिंगळीहून पहाटेची पॅसेंजर धरावी लागेल. परभणीला गाडी बदलावी लागते का ते नीट विचारून ठेव, लिंबाजीच्या भरवशावर राहू नकोस. त्याला स्टेशनजवळ राहून अजून गाड्यांच्या वेळा माहीत नाहीत.

सिद्धोधन

*

वालूर
२६ फेब्रुवारी २०२३, रविवार

बबिता,

हे तू काय केलंस?

शुक्रवारी मी परभणीच्या मोंढ्यात भाव बघायला गेलो होतो. संध्याकाळी साडेपाचला घरी आलो, कुलूप काढलं, आणि मला वाटलं चोरी झाली. पुढची खोली रिकामी. माजघराचा निम्मा भाग रिकामा. रिकाम्या भागातली फरशी झाडून, पुसून घेतलेली. चोर फरशी पुसत नाहीत. तेव्हा मला कळलं, कोण येऊन गेलं ते.

आणि जात्यावर तो कागद: 'तेरा क्विंटल वीस किलो माझा. तेवढाच तुमचा ठेवला. काटा कुसुमबाईसमोर केला. पोरीचा पेपर चांगला गेला.'

तुझा म्हणजे काय? शेत माझ्या नावावर. बी माझं, फवारणी माझी. हां, वेचला तू. सगळ्या वेचण्या तू केल्यास, मी जिनिंगवर होतो. म्हणून निम्मा तुझा? कोणत्या कायद्यानं? कोणत्या पंचायतीनं ठरवलं? गल्लीत मी तोंड वर काढू शकत नाही. बालाजीचा टेंपो भरून, भर दुपारी, चार बाया मदतीला घेऊन बायको नवऱ्याच्या घरातून कापूस नेते, आणि अख्खा भीमनगर बघत उभा राहतो! मी विचारलं तर बालाजी म्हणतो, "काका, काकूंनी भाडं दिलं. मी टेंपूवाला हाय, वकील न्हाई." या गावात सगळ्यांच्या तोंडी वकीलच कसा येतो?

मी माझा ढीग मोजला. रात्र पडायच्या आत मोजला, मुद्दाम, शेजाऱ्याचा काटा आणून. वाटलं होतं, कुठं तरी सापडशील. तेरा क्विंटल बावीस किलो भरला. दोन किलो माझ्याकडं जास्त ठेवलास.

ह्या दोन किलोंचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

सात हजार नऊशेनं घातलास असं कळलं. ऐक. महिनाभरात भाव वर जाईल तेव्हा मी तुला एक शब्द बोलणार नाही. तूच समजून घे.

पेपर चांगला गेला, हे तिनं मला स्वतः का नाही सांगितलं? सेलूला परीक्षा देते, वालूर तिथून किती लांब आहे? मी शुक्रवारी घरी असतो तर तू आली असतीस का, हे विचारत नाही. उत्तर माहीत आहे.

सि.

*

वालूर
१६ मार्च २०२३, गुरुवार

बबिता,

हे पत्र नीट वाच. धम्मशीलाकडून वाचून घेतलंस तरी चालेल. तिला अर्थशास्त्र होतं ना बारावीला? बघू दे तिला, पुस्तकात असतं तसंच आहे का.

गेल्या शुक्रवारी अमेरिकेत एक मोठी बँक बुडाली. दोन दिवसांनी दुसरी. आता युरोपातली एक डगमगतेय. आमच्या फळ्यापुढं कोणी तरी म्हणालं, "बुडंना! आपलं काय खातं हाय का तिथं?" सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता हात थांबला, कारण त्या दिवशी न्यूयॉर्कचा कापूस पुन्हा खाली होता. बँक बुडाली तर कापूस का पडावा? कापूस बँकेत पेरतात का?

मग तीन दिवस मी मोबाइलवर वाचत बसलो. इंग्रजी, डिक्शनरी घेऊन. आणि जे मला नोव्हेंबरातच कळायला हवं होतं ते आता कळलं. लिहितो.

अमेरिकेनं गेल्या वर्षभरात व्याज वाढवत नेलं. त्यांची महागाई उतरावी म्हणून. त्यांच्या घरातली आग, त्यांनी विझवावी, माझं काय जातं? पण व्याज तिकडं वाढलं की जगभरचा डॉलर उताराच्या पाण्यासारखा तिकडं धावतो. श्रीलंकेतला आटला, तो देश तर बसलाच. पाकिस्तानातला आटला. बांगलादेशातला आटला. ढाक्यातल्या गिरणीवाल्याला कापूस, सूत दोन्ही पाहिजे, पण माल मागवायला बँकेकडून डॉलरची हमी मिळत नाही. म्हणून तो मागवत नाही. त्यानं सूत मागवलं नाही म्हणून कोइमतूरची गिरणी आठवड्यातून चार दिवस चालते. ती चार दिवस चालते म्हणून शेठच्या आवारात गाठींची थप्पी ताडपत्रीखाली पडून आहे. आणि ती पडून आहे म्हणून माझ्या माजघरात कापूस.

पाकिस्तानकडं कापूस नाही, एवढं मी मोजलं. त्याच्याकडं तो विकत घ्यायला डॉलर नाही, हे मोजलं नाही. ज्याला भूक आहे तो जेवेलच, असं मी धरून चाललो. मी! माझ्या बापानं भुकेल्या पोटी दुकानासमोरून माघारी येताना मला हाताला धरून आणलंय. मला हे कोणी शिकवायची गरज होती का?

राग कोणावर काढू सांग. अमेरिकेतल्या त्या साहेबाला वालूर नावाचं गाव आहे हे माहीत नाही. त्यानं बटण दाबलं, आणि इथं माझी पोरगी

हे वाक्य मी तीनदा सुरू केलं.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, निरोप मिळाला तसा निघालो. ते खोटं आहे. पाच जानेवारीला कुसुमबाई फळ्यापाशी धावत आली, म्हणाली, "सिद्धोधन, पोरगी निळी पडायलीय, चल." मी म्हणालो, "हे एवढं लिहून आलो." न्यूयॉर्क लिहून झालं होतं. मी डॉलर लिहिला. सेलू लिहिलं. मग सल्ला लिहिला. घरी पोचलो तोवर ऑटो निघून गेला होता आणि तुझी एक चप्पल दारात पडली होती. मोबाइलमध्ये वेळ बघितली होती. अकरा मिनिटं.

दवाखान्यात तू मला काही विचारलं नाहीस. तेव्हा विचारलं असतंस तर मी तेव्हाच भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

तरीही विकणार नाही. आता सात हजार सातशे आहे. अकरा मिनिटं एका बाजूला, आणि भाव एका बाजूला. एकाची शिक्षा म्हणून दुसरं करायचं, असा व्यवहार मला जमत नाही.

सिद्धोधन

*

वालूर
१६ एप्रिल २०२३, रविवार

बबिता,

जयंतीला आलीस आणि घराकडं वळली नाहीस. पांढरी साडी, धम्मशीला निळी ओढणी घेतलेली. वजन उतरलं असेल तिचं. की मला लांबून तसं वाटलं?

मी मिरवणुकीच्या पाठीमागं होतो. तू पुढं, कुसुमबाई आणि गल्लीतल्या सगळ्या बाया तुझ्याभोवती. तुमचं हसणं मला बँडमधूनही ऐकू येत होतं. मी जवळ आलो तसं हसणं बंद झालं. कुसुमबाईनं पदर तोंडाला लावला. एका बाईनं दुसरीला कोपर मारलं, हेही बघितलं मी. मी ग्रेडर आहे, मला बारीक दिसतं.

माझ्यावर हसत होता ना? हसा. तेवीस घरांचा कापूस पडून आहे, त्यांच्या पोरांना खाज सुटलीय, आणि त्याच घरांतल्या बाया हसतात, हे मला समजत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर माझ्या दारावर दगड मारला असता. खरं सांगतो, मी त्या दगडाचीच वाट बघतोय. कोणी भांडायला येत नाही. सकाळी येतात, फळ्याकडं बघतात, मान हलवतात, "बरं लिहिलंय" म्हणतात आणि जातात. "अरे सिद्ध्या, बुडवलंस तू आम्हाला," असं एकानं तरी म्हणावं की नाही?

धम्मशीलानं माझ्याकडं बघितलं. मी हात वर केला. तिनं केला की नाही ते समोर ध्वज आल्यामुळं दिसलं नाही.

भाव सात हजार सहाशे. सल्ल्याची ओळ मी आता लिहीत नाही. फक्त आकडे.

सि.

*

वालूर
४ जून २०२३, रविवार

बबिता,

मला चार गोष्टी लिहायच्या आहेत आणि चारही रागानं लिहिणार आहे. आधीच सांगतो.

धम्मशीलाला एकाहत्तर टक्के पडले. हे मला बालाजीकडून कळलं, कारण त्यानं पेढा आणून दिला, "काकूंनी वाटायला सांगितला" म्हणून. बापाला पेढा टेंपोवाल्याच्या हातून! पेढा चांगला होता. नर्सिंगला जायचं म्हणते, असंही त्यानंच सांगितलं. जाऊ दे. जायलाच पाहिजे. पण ज्या घरात श्वास कोंडतो त्या घरात ती सुट्टीलासुद्धा येणार नाही, हेही म्हणाली म्हणे. हे त्यानं सांगायचं टाळलं असतं तर बरं झालं असतं. बालाजी टाळत नाही.

ते ऐकलं आणि तसाच उठलो, कुसुमबाईकडं गेलो. चार महिने त्या दारावरून गेलो नव्हतो. जाऊन तिला सांगणार होतो की बाई, माझं चुकलं, नऊ क्विंटल तुझे माझ्या बोलण्यानं पडून राहिले, माझा निम्मा तू घे, पण मला शिव्या दे. सगळं पाठ करून गेलो होतो.

दार ढकललं. आत दोन शेळ्या आणि एक शिलाई मशीन. कापसाचं एक बोंड नाही.

मी म्हणालो, "कुसुमबाई, कापूस?"

"कोनता कापूस?" ती शेळीला पाला घालत होती. "माझा तर कवाच गेला की. तुझ्या बायकोनं टेंपू आनला न्हाई का, त्यातच. त्या दिवशी बालाजीनं तीन खेपा केल्या. निम्मी गल्ली गेली बघ."

"निम्मी गल्ली?"

"तिला विचारायला गेले आमी, तुझं काय करायलीस म्हनून. ती म्हनली, माझा मी इकायलेय, तुमचं तुमी बघा. मग आमी बी भरला. बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यात घातला. तीन घरं तेवढी ऱ्हायली, ती तुझ्यासारखीच."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं शेळीकडं बघत होती. "बबितानं आन घातली. म्हनली, त्यांची नोकरी गेली, पोरगी गेली, मी गेले. फळा तेवढा ऱ्हाऊ द्या. रोज जाऊन उभ्या ऱ्हात जा."

"म्हणून तू रोज येऊन वाचत होतीस?"

"मला कुठं वाचता येतंय बाबा? मी नुसती उभी ऱ्हायचे."

बबिता, हा कसला न्याय? तेवीस घरांचं पाप डोक्यावर घेऊन मी चार महिने फिरलो. नीट जेवलो नाही. आणि वीस घरांनी कापूस विकून, अंगं धुऊन, मला रोज सकाळी 'बरं लिहिलंय' म्हटलं! आजाऱ्याला म्हणतात तसं! मला दया दाखवायचा अधिकार तुला कोणी दिला? भांडली असतीस, शिव्या दिल्या असत्यास, चारचौघांत माझ्या तोंडाला काळं फासलं असतंस तरी चाललं असतं. तू माझी इज्जत राखलीस. माझ्या पाठीमागं, मला न विचारता, अख्ख्या गल्लीकडून राखून घेतलीस. असा अपमान माझा शेठनंसुद्धा केला नाही.

नोकरी मी सोडली नाही, त्यांनी काढलं. तुला माहीतच होतं. आता मीही लिहिलं.

उरलेल्या तीन घरी त्याच दिवशी गेलो. म्हणालो, विका, माझं गणित चुकलं होतं. दोघांनी मान हलवली. तिसरा मुंजाजी म्हणाला, "आता सांगायलास व्हय, गाढवा? पोरांचं अंग बघ." पोरांनी सदरे वर केले. बघितलं. खूप दिवसांनी कोणी तरी माझ्याशी नीट बोललं.

दुसऱ्या दिवशी चारही घरांचा कापूस एका ट्रॅक्टरमध्ये घालून शेठच्या दारात नेला. शेठ बाहेर आले. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "मशीन बंद हाय. लाइट न्हाई. सिद्धोधन, तूच ग्रेड लाव."

"माझाच माल आहे," मी म्हणालो.

"म्हनून तर."

बबिता, मी हात घातला. वरचा थर काढून आत, कोपरापर्यंत. पिवळसर. दबलेला. धागा ओढला की मधेच तुटतो. सात महिने घरात कोंडलेला कापूस तसाच होणार. मी तीन ठिकाणी चिमूट घेतली, चौथ्या ठिकाणी घ्यायची गरज नव्हती. मुंजाजी शेजारी उभा होता, माझ्या तोंडाकडं बघत. खोटं बोललो असतो तर शेठनं मानलं असतं. मला वाटतं, त्यासाठीच त्यांनी लाइट गेली असं सांगितलं, कारण आत पंखा फिरत होता.

मी तिसरा ग्रेड लावला. माझ्याही मालाला, मुंजाजीच्याही. सहा हजार सातशे. मुंजाजीनं मला तिथंच आईवरून शिवी दिली. शेठ म्हणाले, "सोमवारपासून ये." मी उत्तर दिलेलं नाही. ठरवायचं आहे.

आता घर. माजघर रिकामं केलं, भिंती झाडल्या. कौलाच्या वाशांत अडकलेले तंतू ओल्या फडक्यानं पुसून काढले, दोनदा. पुसताना मला स्वतःला खोकला आला, आणि तो चांगला अर्धा तास थांबला नाही. त्या अर्ध्या तासात मी पोरीच्या जागी बसून बघितलं. जास्त लिहीत नाही.

यंदा कापूस लावणार. एवढ्या चार एकरांत दुसरं काय पिकवायचं ते मला अजून कळत नाही. पण उंबऱ्याच्या आत येणार नाही. वेचला की शेतातून थेट मोंढा, असेल तो भाव. आणि वेचणाऱ्याचा निम्मा. तुझ्या काट्यानं.

तू म्हणाली होतीस, निघाला की निरोप धाडा. हा निरोप. पण तू येऊ नकोस. मी धाडलेल्या निरोपावर तू निमूट आलीस, तर ही तुझी आणखी एक दया होईल, आणि ती मी उंबऱ्यात घेणार नाही. मीच येतोय. येत्या रविवारी, अकराच्या गाडीनं. लिंबाजीला सांग, दारात उभा राहू नको, आणि अक्का झोपलीय म्हणू नको. चहा टाकू नकोस, मी पाहुणचाराला येत नाही. भांडायला येतोय. सहा पत्रं लिहिली, सहाही वेळा एकटाच बोललो. तुझ्या तोंडून मला एकदा ऐकायचंय, अकरा मिनिटांचं, समोरासमोर, आवाज चढवून. धम्मशीलाला शेजारी बसव. ती बोलली तरी मी मधे बोलणार नाही.

परतीची गाडी सव्वापाचला आहे. तिकिटं किती काढायची ते तुम्ही दोघी ठरवा.

सिद्धोधन